पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ (१९८९–१९९७): घरच्या घरी इंजिनची तपासणी आणि देखभाल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती नेमकी कोणत्या गाडीसाठी आहे?

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दिसलेली, बॉनेटमधून वर येणाऱ्या हेडलाइटची पहिली एमएक्स-५. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात आणि जपानात ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. आपल्याकडे माझदा हे नाव स्वराज माझदाच्या मिनीबसमुळे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ही गाडी कंपनीने भारतात कधीच विकली नाही. त्यामुळे हे वाचणाऱ्या बहुतेकांची गाडी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया नाहीतर न्यूझीलंडमध्ये उभी असणार. तिथे मजुरीचे दर पाहता बरीचशी कामं घरी करणंच परवडतं.

इंजिनं दोन आहेत. सुरुवातीचं १.६ (१५९७ सीसी) आणि १९९४ च्या मॉडेलपासूनचं १.८ (१८३९ सीसी). युरोपात १.६ नंतरही मिळत होतं, म्हणून मॉडेलच्या वर्षावर विसंबू नका, आपलं इंजिन कोणतं ते आधी पक्कं करा. ब्लॉक लोखंडी, हेड अॅल्युमिनियमचं, दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह. इंजिन मुळात दणकट आहे. तीस-पस्तीस वर्षांनी त्रास देतात ती मुख्यतः रबरं, प्लॅस्टिक आणि वायरिंगचे जोड. म्हणून ‘इंजिन संपलं’ असा निकाल देण्याआधी खालच्या तपासण्या करा.

कोणती हत्यारं लागतात?

१० ते १९ मिमीचे सॉकेट आणि २१ मिमीचा एक, प्लग पाना, टॉर्क पाना, मल्टिमीटर, फिलर गेज, कॉम्प्रेशन गेज आणि टायमिंग लाइट. सोबत वायरचा एक छोटा तुकडा, दोन्ही टोकं सोललेला. याच तुकड्यावर या गाडीतलं अर्धं निदान होतं. जॅक पुढच्या क्रॉसमेंबरखाली किंवा मागे डिफरन्शियलखाली लावा, पण गाडीखाली जायचं ते स्टँड लावूनच. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका.

कोणत्याही बिघाडात सुरुवात कुठून करावी?

बॅटरीपासून. या गाडीत ती डिकीत असते. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवं, इंजिन चालू असताना १४ ते १४.७. बॅटरी अशक्त असेल तर सेल्फ फिरतो खरा, पण कंट्रोल युनिट (इंजिन चालवणारा संगणक) आणि इग्निशनला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही आणि मग भलतीच लक्षणं दिसू लागतात. बॅटरीतला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या जागेवर आहेत ना, तेही बघा. नळी निघालेली असेल तर डिकीचा पत्रा आतून गंजतो.

त्यानंतर कोड, मग प्लग, मग कॉम्प्रेशन. अंदाजाने सुटे भाग बदलत बसण्यात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. मोजून झाल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

बिघाडाचे कोड स्कॅनरशिवाय वाचता येतात का?

येतात. अमेरिकेतल्या १९९६–९७ च्या गाड्यांना सोळा पिनांचं नवं सॉकेट आहे, त्यांना साधा स्कॅनर चालतो. त्याआधीच्या गाड्यांत बॉनेटखाली झाकण असलेली एक छोटी काळी पेटी आहे. झाकणावर ‘डायग्नोसिस’ असं लिहिलेलं असतं आणि आतल्या बाजूला प्रत्येक खाचेचं नाव असतं. किल्ली बंद ठेवून वायरच्या तुकड्याने ‘टेन’ (TEN) आणि ‘जीएनडी’ (GND) या खाचा जोडा, मग किल्ली ‘ऑन’ करा, पण सेल्फ मारू नका. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा असेल तर तो लुकलुकतो. नसेल तर ‘बी+’ (B+) आणि ‘फेन’ (FEN) यांच्यामध्ये रेझिस्टर जोडलेला एलईडी लावा. लांब लुकलुक दहाचा, आखूड एकाचा.

नेहमी भेटणारे कोड: ०२ आणि ०३ कॅम अँगल सेन्सरच्या (कॅमशाफ्ट कुठवर फिरला ते कळवणाऱ्या) सिग्नलचे, ०८ एअर फ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा), ०९ कूलंट तापमानाचा सेन्सर, १५ आणि १७ ऑक्सिजन सेन्सर व त्याच्या फीडबॅकचे, ३४ आयडल व्हॉल्व्ह. कोड आला म्हणजे तोच भाग खराब झाला असं नसतं. निम्म्या वेळा कनेक्टरच हिरवा पडलेला निघतो. आधी कनेक्टर काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, परत बसवा आणि पुन्हा बघा.

०९ आला तर सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा. इंजिन गार असताना, २० अंशांना, साधारण २.२ ते २.७ किलोओहम आणि ८० अंशांना ०.२९ ते ०.३५ किलोओहम भरायला हवा. हा सेन्सर बिघडला की कंट्रोल युनिटला तापलेलं इंजिनही गार वाटतं. मग पेट्रोल जास्त जातं, प्लग काळे पडतात आणि गरम इंजिन पुन्हा सुरू होताना त्रास देतं.

सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही.

पेट्रोल, ठिणगी आणि या दोघांना वेळ सांगणारा सिग्नल, या तिन्हींपैकी काय कमी आहे ते वेगवेगळं तपासायचं.

पेट्रोल पंप आधी. ‘एफ/पी’ (F/P) आणि ‘जीएनडी’ जोडून किल्ली ऑन करा. मागच्या बाजूने पंपाची घरघर ऐकू आली पाहिजे. अजिबात आवाज नसेल तर फ्यूज, रिले आणि पंपाचा कनेक्टर बघा.

१.६ मध्ये एक खास गोष्ट आहे. एअर फ्लो मीटरमध्ये हवेच्या झोताने उघडणारी एक पाती असते आणि त्या पातीला पंपाचा स्विच जोडलेला असतो. सेल्फ मारताना पंपाला वेगळ्या वाटेने वीज मिळते, इंजिन चालू झाल्यावर मात्र पाती उघडी असेल तोवरच पंप चालतो. म्हणून इंजिन क्षणभर पेटून किल्ली सोडताच बंद पडत असेल, तर संशय या स्विचवर, सर्किट ओपनिंग रिलेवर (पंपाला वीज सोडणारा रिले) किंवा मीटर आणि थ्रॉटलमधल्या रबरी नळीवर घ्या. एअर फिल्टरचं झाकण काढा, किल्ली ऑन करा, पाती बोटाने हलकेच आत ढकला. पंप लगेच बोलायला हवा. पाती अडखळली किंवा ढकलूनही पंप गप्प राहिला, तर वाट कुठे अडली ते कळलं. १.८ च्या मीटरमध्ये अशी पाती नसते, त्यामुळे ही तपासणी फक्त १.६ साठी.

आता ठिणगी. जुना पण चांगला प्लग वायरला लावून त्याचं धातूचं अंग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा. हातात धरू नका. आधी चारही इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळसर आणि कडक हवी. चारही वायरींवर ठिणगी नसेल तर टॅकोमीटरकडे बघा. सेल्फ फिरताना सुई जराही थरथरत नसेल, तर कॅम अँगल सेन्सरचा सिग्नल किंवा इग्निशनचा पुरवठा येत नाहीये. हा सेन्सर हेडच्या मागच्या टोकाला आहे. ऑइल आणि उष्णता सोसून त्याच्या कनेक्टरच्या वायरी ठिसूळ होतात, त्या हलवून बघा.

दोन्ही असून गाडी पेटत नसेल तर प्लग काढा. ओले आणि पेट्रोलचा वास येणारे निघाले तर इंजिन फ्लड झालंय. गार इंजिन मिनिटभर चालवून गाडी जागची हलवली आणि लगेच बंद केली की हे हमखास होतं. कॅम अँगल सेन्सरचा कनेक्टर काढा, म्हणजे इंजेक्टर आणि ठिणगी दोन्ही बंद होतात. प्लग न लावता पाच-सात सेकंद सेल्फ मारा, प्लग वाळवून बसवा, कनेक्टर जोडा. हे करताना जवळ ठिणगी किंवा ज्वाळा नको, कारण सिलिंडरमधून पेट्रोलची वाफ बाहेर पडते.

गाडी मिसिंग करते, विशेषतः चढावर किंवा दोन-तीन हजार आरपीएमला जोर लावताना.

या मॉडेलमध्ये पहिला संशयित प्लगच्या वायरी. इतर गाड्यांच्या मानाने इथे त्या लवकर जातात, आम्ही तर चाळीस-पन्नास हजार किलोमीटरला त्या बदलूनच टाकाव्यात असं सांगतो. मल्टिमीटरने मोजा. एक मीटर लांबीला साधारण १६ किलोओहमच्या वर जाऊ नये. मोजमाप बरोबर येऊनही वायर बाहेरून गळकी असू शकते. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या हेडवर उडताना दिसल्या तर वेगळा पुरावा नको.

प्लग साधे एनजीके बीकेआर५ई-११ पुरतात, गॅप १.० ते १.१ मिमी. महागडे इरिडियम लावून इथे काही वेगळं मिळत नाही. प्लग गार इंजिनमध्येच काढा, कारण हेड अॅल्युमिनियमचं आहे आणि गरम असताना आटे जायला वेळ लागत नाही. बसवताना सुरुवातीचे फेरे हाताने द्या, शेवटचा टॉर्क १५ ते २३ न्यूटन-मीटर.

दोष किती सिलिंडरमध्ये आहे यावरून बरंच कळतं. यात दोन कॉइल आहेत: एक १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरला, दुसरी २ आणि ३ ला. जोडीने दोन्ही सिलिंडर मंद असतील तर कॉइल किंवा तिची वायरिंग. एकच मंद असेल तर त्याची वायर, प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. मंद सिलिंडर ओळखायला इंजिन आयडलवर ठेवून एकेक इंजेक्टरचा कनेक्टर काढा. ज्याचा काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. प्लगची वायर काढून ही तपासणी करू नका, त्याने कॉइल आणि इग्नायटरवर ताण येतो आणि झटकाही बसतो. १.६ ची कॉइल मोजायची तर प्रायमरी ०.७८ ते ०.९४ ओहम आणि सेकंडरी ११.२ ते १५.२ किलोओहम. इंजेक्टर १२ ते १६ ओहम.

प्लगच्या खड्ड्यात ऑइल साठलेलं दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट कडक झालंय. ते ऑइल प्लगच्या टोपीचं रबर फुगवतं आणि ठिणगी बाजूला पळते. नवीन गॅस्केट बसवताना जिथे कॅमची पुढची-मागची कॅप हेडला मिळते त्या कोपऱ्यांवर सिलिकॉनचा छोटा ठिपका द्या. कव्हरचे बोल्ट फक्त ५ ते ८.८ न्यूटन-मीटरला बसतात. हे आकडे मनगटाला फार कमी वाटतात, म्हणून लोक आणखी आवळतात आणि आटे ओढून काढतात.

आयडल वर-खाली होतं किंवा सिग्नलला गाडी बंद पडते.

न मोजलेली हवा कुठून आत येतेय ते आधी शोधा. मीटरच्या पुढे कुठेही फट असली की मिश्रण बिघडतं. मोठ्या रबरी नळीच्या घड्या बोटांनी फाकवून बघा, कारण तडे घडीच्या आत लपतात. चांगल्या १.६ मध्ये इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडलं की आयडल लगेच डगमगतं. काहीच फरक पडला नाही, तर हवा आधीपासूनच दुसरीकडून येते आहे किंवा पीसीव्ही व्हॉल्व्हची (इंजिनच्या पोटातला वायू इनटेककडे नेणाऱ्या व्हॉल्व्हची) वाट बंद आहे.

मग थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह साफ करा. कार्बनचा काळा चिकट थर निघाल्यावर बरीच इंजिनं आपोआप सुधारतात. आयडल लावायचं तर इंजिन पूर्ण गरम, दिवे, पंखा, एसी बंद, ‘टेन’ आणि ‘जीएनडी’ जोडलेले. थ्रॉटल बॉडीवर रबरी बुचाखाली हवेचा स्क्रू आहे, त्याने ८५० अधिक-उणे ५० आरपीएम लावा. थ्रॉटलच्या पातीला अडवणाऱ्या स्क्रूला हात लावू नका. तो कारखान्यातून लावून आलेला असतो.

इग्निशन टायमिंग कसं तपासायचं?

आयडल लावल्यावर लगेच, तीच जोडणी ठेवून. टायमिंग लाइटची क्लिप सगळ्यात पुढच्या, म्हणजे १ नंबरच्या वायरीला. लाइटला १२ व्होल्ट द्यायला गाडीची बॅटरी डिकीत असल्याने दुसरी बॅटरी जवळ ठेवली की काम सोपं होतं. क्रँक पुलीवरची खूण आधी ब्रशने साफ करून खडूने पांढरी करा. ती कव्हरवरच्या पट्टीवर १० अंशांवर दिसायला हवी, एखादा अंश इकडे-तिकडे चालतो. फरक असेल तर कॅम अँगल सेन्सरचा १२ मिमीचा बोल्ट सैल करून सेन्सर जरासा फिरवा. काम झाल्यावर वायरचा तुकडा काढायला विसरू नका. तो तसाच राहिला तर टायमिंग पुढे सरकत नाही आणि गाडीत दम राहत नाही.

बरेच जण १४ अंशांवर लावतात आणि खालच्या आरपीएमला पिकअप सुधारतो हे खरं आहे. पण या इंजिनला नॉक सेन्सर, म्हणजे आतली खडखड ओळखणारा सेन्सर, नाही. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल कायम मिळत असेल तरच करा, आणि चढावर खडखड ऐकू आली तर लगेच मागे घ्या.

कॉम्प्रेशन किती असायला हवं?

१.६ ला ३०० आरपीएमला १९२ पीएसआय, किमान १३५. सिलिंडरांमधला फरक २८ पीएसआयपेक्षा जास्त नसावा. १.८ चा मूळ आकडा थोडा कमी, १८२ च्या आसपास. मोजायची रीत चुकली तर आकडे खोटे येतात: इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॅम अँगल सेन्सरचा कनेक्टर काढलेला, बॅटरी पूर्ण चार्ज आणि अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. गेजची सुई थांबेपर्यंत सेल्फ मारा. आकड्याइतकंच महत्त्व चारही सिलिंडर एकसारखे असण्याला आहे. कारण दोन गेज एकच आकडा दाखवतील याची खात्री नसते.

एखादा कमी निघाला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन्ही एकदम कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट उडालं आहे.

सकाळी इंजिन टिकटिक करतं. हे धोक्याचं आहे का?

बहुतेक वेळा नाही. या पिढीत व्हॉल्व्हचं अंतर ऑइलच्या दाबाने आपोआप जुळतं, हाताने टॅपेट लावायचे नसतात. गाडी उभी राहिली की त्या छोट्या अॅडजस्टरमधलं ऑइल निथळतं आणि ते पुन्हा भरेपर्यंत टिकटिक येते. आधी ऑइलची पातळी बघा. पातळी बरोबर असेल तर चांगलं ५डब्ल्यू-३० घाला आणि पुढचं ऑइल जरा लवकर बदला, आतला चिकट थर हळूहळू सुटतो. इंजिन तापल्यावरही आवाज जात नसेल तर अॅडजस्टर बदलण्याची वेळ आली. आवाज वरून न येता खालून येत असेल, घणासारखा असेल आणि रेस करताना वाढत असेल, तर मात्र गाडी चालवू नका. तो बेअरिंगचा आवाज असतो.

ऑइल किती, कोणतं आणि कधी?

फिल्टरसह १.६ ला साधारण ३.६ लिटर, १.८ ला ३.८. एकदम सगळं ओतू नका, अर्धा लिटर हातचं राखा आणि उरलेलं डिपस्टिक बघत घाला. ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-३०. आठ हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा, टॉर्क ३० ते ४१ न्यूटन-मीटर. फिल्टर उजव्या बाजूला इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेला असतो. गाडीखालून, पुढच्या उजव्या चाकाच्या बाजूने हात घातला की तो सापडतो. निघालेल्या फिल्टरची जुनी रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपून बघा. दोन रिंगा एकमेकींवर बसल्या तर सगळं ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर येतं.

ऑइल प्रेशरच्या काट्याबद्दल एक खुलासा. १९९४ पर्यंतच्या गाड्यांत तो खरा दाब दाखवतो: गरम इंजिनला १००० आरपीएमवर २८ ते ४३ पीएसआय आणि ३००० वर ४३ ते ५७. त्यानंतरच्या गाड्यांत तो नुसता स्विचवर चालतो, दाब पुरेसा असला की मधोमध जाऊन बसतो. नव्या गाडीचा काटा हलत नाही म्हणून निश्चिंत राहू नका, आणि जुन्या गाडीचा आयडलला खाली येतो म्हणून घाबरूही नका.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून ऑइल ठिबकतंय. मागचं मेन सील (क्रँकच्या मागच्या टोकाचं) गेलं का?

आधी वर बघा, खाली नंतर. कॅम अँगल सेन्सरला एक छोटी ओ-रिंग असते. ती कडक होऊन चपटी झाली की ऑइल हेडच्या मागून उतरतं, बेलहाउसिंगवरून वाहत येतं आणि बरोबर तिथेच थेंब धरतं जिथे मेन सीलचा थेंब दिसला असता. या गैरसमजापोटी गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोजलेले कितीतरी लोक आहेत. ओ-रिंगची किंमत त्यापुढे काहीच नाही.

सेन्सरच्या खाली आणि हेडच्या मागे आरसा धरून बघा. ओलं असेल तर सेन्सर आणि हेड यांच्यावर एक सरळ रेघ ओढून खूण करा, १२ मिमीचा बोल्ट काढा, सेन्सर सरळ मागे ओढा. जुनी रिंग धारदार काहीतरी घेऊन कापून काढा, नवी ऑइल लावून बसवा. सेन्सरच्या टोकाची जीभ कॅममधल्या खाचेत एकाच बाजूने बसते, बळजबरी करू नका. खूण जुळवा, बोल्ट लावा आणि टायमिंग लाइटने १० अंश परत तपासा. तिथूनच जाणाऱ्या हीटरच्या रबरी नळ्या ऑइलने फुगून मऊ झाल्या असतील तर त्याही आत्ताच बदला.

टायमिंग बेल्ट कधी बदलायचा? तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात का?

अमेरिकेतली शिफारस ६०,००० मैलांची, म्हणजे साधारण ९६,००० किलोमीटर. गाडी कमी चालत असेल तरी रबर वयानेही जातं. बेल्टचा इतिहास माहीत नसलेली गाडी घेतली तर बदलूनच टाका. सुदैवाने या दोन्ही इंजिनांत बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला भिडत नाहीत. गाडी जिथल्या तिथे बंद पडते, इंजिन वाचतं.

एवढं उघडलंच आहे तर वॉटर पंप, टेन्शनर आणि आयडलरच्या बेअरिंग पुल्या, कॅमची दोन आणि क्रँकचं एक सील, हे सगळं एकाच वेळी करा. तिथे पुन्हा पोहोचायला रेडिएटरपासून सगळं परत खोलावं लागतं.

चूक होते ती खुणा जुळवताना. दोन्ही कॅम पुल्यांवर ‘आय’ आणि ‘ई’ अशी अक्षरं आहेत. ‘आय’ इनटेकच्या, ‘ई’ एक्झॉस्टच्या पुलीची खूण मागच्या कव्हरवरच्या खुणेशी जुळली पाहिजे. मग त्या दोन खुणांमधले बेल्टचे दात मोजा, १९ यायला हवेत. टेन्शनर सैल सोडा, त्याच्या स्प्रिंगला जेवढा ताण द्यायचा तेवढा देऊ द्या. पहार किंवा पाना घालून बेल्ट ओढू नका. क्रँक घड्याळाच्या दिशेने एक पूर्ण आणि पाच-षष्ठांश फेरा फिरवून पुलीची खूण ताण लावायच्या खुणेशी आणा, टेन्शनरचा बोल्ट सैल करून पुन्हा ३८ ते ५१ न्यूटन-मीटरला आवळा, मग दोन आणि एक-षष्ठांश फेरे देऊन सगळ्या खुणा परत बघा. कॅमच्या दोन पुल्यांमध्ये १० किलोच्या दाबाने बेल्ट ९ ते ११.५ मिमी दबायला हवा. जास्त ताणलेला बेल्ट चालताना शिट्टीसारखा आवाज करतो.

‘शॉर्ट नोज’ क्रँक म्हणजे काय? माझ्या गाडीत आहे का?

१९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ गाड्यांत क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं. पुलीच्या मधल्या भागाला चार खाचा दिसल्या तर हा जुना क्रँक, आठ असतील तर नंतरचा सुधारलेला. जुन्यात मधला बोल्ट नीट आवळलेला नसेल तर पुलीला क्रँकशी जखडणारी धातूची चावी आणि तिची खाच झिजते, पुली डुलायला लागते, टायमिंग आपोआप मागे पडतं आणि गाडी दिवसेंदिवस सुस्त होत जाते. इंजिन चालू असताना पुलीकडे समोरून बघा. कडा लपकत असेल तर गाडी उभी करा. टायमिंग लाइटने लावलेलं १० अंश आठवड्याभरात सरकलेलं आढळलं, तर तोही याच दोषाचा इशारा.

खाच शाबूत असेल तर काळजी एवढीच: सील बदलताना २१ मिमीचा मधला बोल्ट काढला की तो परत वापरू नका, नवा घ्या. जुन्या क्रँकला टॉर्क १०८ ते ११८ न्यूटन-मीटर, नव्याला १५७ ते १६७. हे दोन आकडे एकमेकांत मिसळू देऊ नका. इम्पॅक्ट गनने तो बोल्ट आवळणं या क्रँकला घातक आहे.

गाडी गरम होते. काय बघायचं?

रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिक टाकीचा रंग. नवी असते तेव्हा काळी. हिरवट-तपकिरी झाली असेल तर ती आतून ठिसूळ झालेली आहे आणि एके दिवशी उभी चिरते. गळत नाही म्हणून थांबू नका. या इंजिनांचा शेवट करणारं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे कूलंट संपूनही चालवत राहणं. आणि काटा तेव्हा मदत करत नाही, तो बराच काळ मधोमध स्थिर राहतो. तो वर चढलेला दिसेपर्यंत हेड वाकायला लागलेलं असतं. शिवाय कूलंट पूर्ण संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खालीही येऊ शकतो.

पंखा तपासायला डायग्नोसिस पेटीत ‘टीएफए’ (TFA) आणि ‘जीएनडी’ जोडून किल्ली ऑन करा. फिरला तर मोटर आणि रिले ठीक, दोष थर्मोस्विचचा. थर्मोस्टॅट ८८ अंशांच्या आसपास उघडतो, पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटर ठेवून घरी तपासता येतो. बसवताना त्याची हलणारी छोटी पिन वरच्या बाजूला हवी, नाहीतर हवा अडकते.

एकूण कूलंट ६ लिटर, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी. नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. भरताना गाडीचं तोंड उंच करा, हीटर पूर्ण गरमवर, कॅप उघडी ठेवून इंजिन सुरू करा आणि वरची नळी हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. गरम इंजिनची कॅप कधीही उघडू नका.

धुराच्या रंगावरून काय समजावं?

निळा आणि फक्त सुरू करताना: व्हॉल्व्ह सील. निळा आणि सतत, रेस केल्यावर जास्त: रिंगा, पण त्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासा, तो अडकला तरी इंजिन ऑइल खातं. काळा: पेट्रोल जास्त, वर सांगितलेला तापमानाचा सेन्सर किंवा पेट्रोलचा दाब. पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा: कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. थंडीच्या सकाळी दिसणारी आणि लगेच विरणारी वाफ यात मोजू नका.

हिवाळाभर उभी असलेली गाडी पुन्हा कशी सुरू करावी?

बॅटरी चार्ज करा. ऑइल आणि कूलंटची पातळी बघा, एअर फिल्टरच्या पेटीत उंदरांनी घर केलेलं नाही ना तेही बघा. वर्षापेक्षा जास्त उभी असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पाच मिली ऑइल टाका आणि २१ मिमीच्या सॉकेटने क्रँक हाताने, घड्याळाच्या दिशेने दोन फेरे फिरवा. अडखळलं तर तिथेच थांबा, सेल्फने जोर लावू नका. मोकळं फिरलं तर कॅम अँगल सेन्सरचा कनेक्टर काढून, प्लग बाहेर ठेवूनच, दहा-दहा सेकंद सेल्फ मारा. जुन्या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत, नंतरच्या गाडीत तो मध्ये येईपर्यंत. मग प्लग, वायरी आणि कनेक्टर जागेवर.

जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येत असेल तर टाकीतून काढून टाका आणि मागे गाडीखाली असलेला फ्यूएल फिल्टर बदला. फिल्टर सोडण्याआधी इंजिन चालू असताना सर्किट ओपनिंग रिले काढून ते आपोआप बंद पडू द्या, म्हणजे नळीतला दाब उतरतो. पहिल्यांदा पेटल्यावर पंधरा-वीस मिनिटं रेस न करता चालू द्या आणि तोवर टॉर्च घेऊन प्रत्येक रबरी नळीच्या टोकाशी, रेडिएटरच्या कडांशी आणि हेडच्या मागे गळती शोधा.